खात्यातून दर महिन्याला पैसे जातायत, पण नाव ओळखू येत नाही? आधी वाट शोधा

सांगलीहून अण्णांचा फोन आला की मी समजतो, पासबुक भरून आणलंय. पेन्शन जमा झाली की ते बँकेत जातात, यंत्रात पासबुक घालून एंट्री मारून घेतात, घरी येऊन चष्मा लावतात आणि पेन्सिलीनं गोल काढत बसतात. या वेळी गोल तीन होते. तिन्ही १९९ रुपयांचे, तिन्ही ११ तारखेचे.

"अरे, बँक चोरी करतेय. तिसरी वेळ."

बँकेत विचारलं होतं त्यांनी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुम्हीच ऑटोपे चालू केलंय, मोबाइलमधूनच बंद करा." अण्णांच्या मोबाइलमध्ये तर तसलं काही नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की पुढच्या महिन्यात ११ तारखेच्या आत सगळे पैसे काढून खातं रिकामं ठेवायचं. म्हटलं थांबा, फोटो पाठवा आधी.

फोटोतली ओळ अशी होती : ‘यूपीआय/डीआर/’, मग बारा आकडे, मग कंपनीच्या नावाची जेमतेम आठ अक्षरं, पुढे बँकेचा कोड आणि अर्धवट तुटलेला यूपीआय पत्ता. ती आठ अक्षरं मी गूगलवर टाकली तर एक सिमेंटची कंपनी आणि एक आयुर्वेदिक दुकान निघालं. दोन्हींशी अण्णांचा संबंध नाही. बहुतेक लोक नेमके इथेच अडकतात. नावाच्या मागे लागतात, आणि स्टेटमेंटमधल्या सगळ्यात बेभरवशाच्या गोष्टीचा नंबर लावायचा तर तो नावाचाच लागतो.

ऑफिसात आणि सोसायटीत अशी बरीच स्टेटमेंटं मी पाहिली आहेत. त्यावरून सांगतो. पैसे कोणाकडे गेले ते मागाहून कळतं, आधी ते कुठल्या वाटेनं गेले ते बघा. वाट चारपैकी एक असते : यूपीआय ऑटोपे, कार्ड, नॅच (खात्यातून थेट हप्ते वळते करायची बँकांची व्यवस्था), नाहीतर बँकेनं स्वतःच कापलेले. वाट कळली की नाव सापडतं. आणि ज्या वाटेनं पैसे जातात, बंदही त्याच वाटेवर करावं लागतं. यूपीआयवरची वजावट थांबवायला कार्ड ब्लॉक केलेले लोक मी पाहिलेत. कार्ड गेलं, १९९ जातच राहिले.

ओळीची सुरुवात वाचा

प्रत्येक बँकेची लिहायची तऱ्हा वेगळी असली तरी सुरुवातीची दोन-चार अक्षरं वाट सांगतातच. ‘यूपीआय’ असेल तर प्रश्नच नाही. ‘ईकॉम’, ‘पीओएस’, ‘एसआय’ किंवा कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसले तर कार्ड. ‘एसआय’ म्हणजे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, दर वेळी न विचारता कापायची तुम्ही दिलेली परवानगी. ‘एसीएच डी’, ‘नॅच’ किंवा जुन्या बँकांत अजून ‘ईसीएस’ दिसलं तर तो सहीचा किंवा नेटबँकिंगवरून दिलेला मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगीच. यातलं काहीच नसेल आणि नुसतं ‘चार्जेस’, ‘एएमसी’, ‘एसएमएस’ असं काही असेल तर ती बँकेची स्वतःची वसुली.

‘एसीएच डी’मध्ये घाबरवणारी एक ओळ नेहमी येते : ‘इंडियन क्लिअरिंग कॉर्प’. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी ही ओळ बघून खातं गोठवायला सांगितलं होतं. ही मुंबई शेअर बाजाराची क्लिअरिंग संस्था आहे. तुम्ही एखाद्या ॲपवरून म्युच्युअल फंडाची एसआयपी लावली असेल तर पैसे बऱ्याचदा फंडाच्या नावानं न जाता हिच्या नावानं जातात. काकूंच्या मुलानं त्यांच्या नावे दोन हजारांची एसआयपी लावली होती आणि सांगायचं विसरला होता.

रक्कम तर नावापेक्षा जास्त बोलते

संशयित रकमेला १.१८ नं भागा. उत्तर गोल आकडा आलं तर ते बहुधा एखादं शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी असतो. २३६ म्हणजे २०० अधिक कर, डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क असतं तसं. १४७.५० म्हणजे १२५ अधिक कर. १७.७० म्हणजे १५ अधिक कर, तिमाही एसएमएसचे पैसे असे दिसतात. २९५ आणि ५९० म्हणजे २५० आणि ५००. हे दोन आकडे दिसले तर जवळपास कुठेतरी परत गेलेला हप्ता आहे का बघा, कारण खात्यात पैसे नसताना नॅचचा हप्ता आला की बँक असा दंड लावते. अण्णांना खातं रिकामं ठेवू नका म्हटलं ते यासाठीच. १९९ वाचवायला जायचं आणि विम्याचा हप्ता परत जाऊन २९५ भरायचे, हा सौदा काही बरा नाही.

याउलट ॲपवाल्यांच्या किमती करासकटच छापलेल्या असतात, त्यामुळे १४९, १९९, २९९, ४९९ असे नऊवर संपणारे आकडे आले की सबस्क्रिप्शनचा संशय आधी घ्यायचा. भागून बघा : १९९ ला १.१८ नं भागलं तर १६८.६४ येतं. एवढं शुल्क कुठली बँक लावणार?

मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये गेले असतील तर ते सबस्क्रिप्शन नव्हेच. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा, २० म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा. १ जून २०२२ च्या आधी हेच हप्ते ३३० आणि १२ होते, म्हणून जुनं पासबुक शेजारी ठेवलं तर आकडे जुळत नाहीत. खातं उघडताना फॉर्मवर कुठेतरी सही केलेली असते आणि ती नेमकी लक्षात राहत नाही.

१ किंवा २ रुपयांची एंट्री मात्र कधीही किरकोळ समजू नका. कार्ड किंवा यूपीआय जोडताना ते चालतं की नाही बघायला एवढीच रक्कम घेतात. कधी ती परत येते. पण तिच्यानंतर सात, चौदा किंवा तीस दिवसांनी मोठी रक्कम गेली असेल तर तुमची ‘ट्रायल’ संपली असं समजा. अण्णांच्या पासबुकात ११ तारखेच्या पहिल्या गोलाच्या बरोबर सात दिवस आधी १ रुपया गेला होता. त्याला त्यांनी गोलही काढला नव्हता. एक रुपया तो काय!

तेरा महिन्यांचं स्टेटमेंट

दर महिन्याची वजावट नजरेत भरते. तिमाही आणि वार्षिक वजावटी लपून राहतात. त्यासाठी मी एक साधं करतो. नेटबँकिंगवरून स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घेतो, बारा नाही, तेरा महिन्यांचं. बारा महिन्यांत वार्षिक वर्गणी एकदाच दिसते आणि एकदाच दिसलेली गोष्ट खरेदीसारखी वाटते. तेरा महिन्यांत ती दोनदा येते.

मग तारखेनं लावायचं नाही. खर्चाच्या रकान्यावर रकमेनं लावायचं. तारखेनं लावलं की दूध, पेट्रोल, किराणा यांच्या गर्दीत सगळं हरवतं. रकमेनं लावलं की ४९९, ४९९, ४९९, ४९९ असे एकाखाली एक उभे राहतात. माझ्या स्वतःच्या खात्यात या पद्धतीनं १,४९९ ची जोडी सापडली होती. योगासनं शिकवणारं ॲप. पहिल्या वर्षी मी चार दिवस वापरलं होतं, दुसऱ्या वर्षी एकही नाही.

रक्कम तीच पण तारीख दर वेळी दोन-तीन दिवस अलीकडे सरकतेय असं दिसलं तर चक्र २८ दिवसांचं आहे. मोबाइल रिचार्जसारखं. अशा चक्रात वर्षाला बारा नाही, तेरा हप्ते बसतात.

पीडीएफच मिळत असेल आणि एक्सेल जमत नसेल तर कागदावर छापा आणि वेगवेगळ्या रंगांनी खुणा करा. अण्णांची पेन्सिलही चालते. पासबुकात वेळ येत नाही हा एक तोटा आहे, तो मोबाइलवरून भरून काढता येतो. यूपीआय ॲपच्या इतिहासात प्रत्येक व्यवहाराची वेळ असते. १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ऑटोपेच्या वजावटी गर्दीच्या वेळेबाहेर करायला लावल्या आहेत : सकाळी दहाच्या आधी, दुपारी एक ते पाच, नाहीतर रात्री साडेनऊनंतर. पहाटे चार वाजता, घरदार झोपलेलं असताना पैसे गेले असतील तर ते कोणी दुकानात उभं राहून दिलेले नाहीत.

आदल्या दिवशीचा मेसेज

नाव शोधायची सगळ्यात भरवशाची जागा स्टेटमेंट नाहीच. ती आहे एसएमएसची पेटी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे कापायचे असतील तर किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, आणि त्या मेसेजात व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक आणि कारण द्यावं लागतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे सक्तीचं आहे. तेव्हा बऱ्याच लोकांची परदेशी सबस्क्रिप्शनं धडाधड बंद पडली होती, आठवत असेल. १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३ पासून ही सवलत एक लाखापर्यंत आहे. फास्टॅग आपोआप भरायची सोय घेतली असेल तर मात्र हा आगाऊ मेसेज येत नाही, त्याला त्यातून सूट आहे.

म्हणून स्टेटमेंटातली तारीख घ्या, मेसेजच्या पेटीत तिच्या एक-दोन दिवस मागे जा. मेसेज इंग्रजीत असतो, कर्जाच्या जाहिराती आणि साडीच्या सेलमध्ये दडलेला असतो, आणि फोननं त्याला ‘प्रमोशन’च्या कप्प्यात ढकललेलं असू शकतं. शोधायच्या चौकटीत ‘मॅन्डेट’ किंवा ‘ऑटोपे’ हा शब्द इंग्रजी स्पेलिंगनं टाका. अण्णांच्या फोनवर व्हिडिओ कॉलवरून हे केलं तेव्हा तीन मेसेज निघाले. तिन्ही न वाचलेले. त्यात कंपनीचं नव्हे, ॲपचं नाव होतं : दोन-दोन मिनिटांच्या भागांच्या मालिका दाखवणारं कुठलंसं ॲप.

अण्णा म्हणाले, "मी नाही बघत असलं काही."

मग एकदम गप्प झाले. "दिवाळीत तुझा भाचा आला होता. त्यानं एक रुपयाचं काहीतरी करायला सांगितलं होतं खरं."

पिन त्यांनीच टाकला होता. या पडद्यावर दोन आकडे असतात. वर ठळक अक्षरांत आजचा १ रुपया, आणि खाली बारीक अक्षरांत यापुढे कमाल किती कापता येतील ती मर्यादा. ती मर्यादा मी नंतर पाहिली, ९९९ होती. म्हणजे उद्या ॲपवाल्यांनी १९९ चे ९९९ केले असते तरी पिन पुन्हा विचारला गेला नसता. भाचा सुट्टी संपवून पुण्याला परत गेला, अण्णांनी ॲप ‘नको ते’ म्हणून काढून टाकलं, आणि वजावट चालू राहिली. ॲप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन गेलं, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. मॅन्डेट ॲपमध्ये राहत नाही, तो यूपीआयच्या दप्तरी राहतो.

बंद करायला गेलं की सापडत नाही, ते का?

काउंटरवरची मुलगी बरोबर होती आणि अण्णाही बरोबर होते. त्यांनी फोनपेमध्ये ‘ऑटोपे’ उघडून बघितलं होतं, तिथे खरंच काही नव्हतं. कारण भाच्यानं मंजुरी गूगल पेमधून घेतली होती. दोन्ही एकाच बँक खात्याला जोडलेली. मंजुरी ज्या यूपीआय ॲपमधून दिली, तिथे आधी शोधायची.

कुठल्या ॲपमधून दिली ते ओळखायची युक्ती मॅन्डेटच्या क्रमांकात आहे. मेसेजात किंवा ईमेलमध्ये एक लांबलचक, अर्थहीन अक्षरांची माळ असते, तिला यूएमएन म्हणतात. माळ सोडा, फक्त @ च्या पुढचं शेपूट वाचा. वायबीएल, आयबीएल किंवा एएक्सएल असेल तर फोनपे. ‘ओके’नं सुरू होत असेल, ओकेॲक्सिस, ओकेएसबीआय, ओकेएचडीएफसीबँक, तर गूगल पे. ‘पीटी’नं सुरू होत असेल किंवा सरळ ‘पेटीएम’ असेल तर पेटीएम. एपीएल असेल तर ॲमेझॉन पे. नुसतं ‘यूपीआय’ असेल तर भीम. हे कळलं की त्या ॲपात प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवायचं, ‘ऑटोपे’ शोधायचं, चालू मॅन्डेटांची यादी उघडायची. तिथे थांबवण्याचे दोन पर्याय दिसू शकतात : काही काळ थोपवणं आणि कायमचं रद्द करणं. रद्द करताना पिन विचारतात. हा पिन पैसे पाठवण्यासाठी नाही हे अण्णांना चार वेळा समजावावं लागलं, आणि त्यांचा संशय चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही.

कार्डाची वाट असेल तर बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा ॲपमध्ये ‘ई-मॅन्डेट’, ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ अशा नावाचं पान असतं. बऱ्याच बँकांनी हे काम ‘एसआय हब’ नावाच्या जागेवर सोपवलंय, तिथे कार्डाचा क्रमांक टाकला की त्या कार्डावरचे सगळे मॅन्डेट दिसतात. पत्ता मात्र बँकेच्या संकेतस्थळावरूनच उघडा. कार्ड बदललं की सगळं आपोआप बंद होतं यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली क्रमांक असतो, आणि नवं कार्ड आलं तरी जुनी मंजुरी त्याच्यामागे चालत येऊ शकते.

नॅच असेल तर बँकेकडे मॅन्डेट रद्द करायचा अर्ज. पण इथे हात जरा आखडता घ्या. नॅचवर बहुतेक वेळा गृहकर्ज, एलआयसी, एसआयपी अशी कामाची माणसं बसलेली असतात. रागाच्या भरात रद्द करून पॉलिसी बंद पडलेली मी पाहिली आहे.

बिल दुकानाच्या नावावर, माल कोणाचा?

ॲपल आणि गूगल प्ले यांच्या नावावर पैसे गेले असतील तर बँकेला विचारून काही उपयोग नाही, तिला फक्त दुकानाचं नाव माहीत असतं. आत काय घेतलं ते दुकानालाच विचारायचं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून उजव्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये यादी मिळते. फोनमध्ये दोन-तीन जीमेल खाती असतील तर प्रत्येक खात्याची यादी वेगळी असते. मुलांच्या खात्यात बघायला लोक विसरतात. गूगलच्या पावतीचा क्रमांक जीपीए या तीन अक्षरांनी सुरू होतो, तो इंग्रजीत ईमेलमध्ये शोधला की वर्षभराचा हिशेब एका दमात पुढ्यात येतो. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर बोट ठेवलं की ‘सबस्क्रिप्शन्स’ दिसतं. तिथे कुटुंबाचा गट केला असेल तर मुलीची खरेदी बापाच्या नावावर लागते, आणि ॲपल कधी दोन-तीन वस्तूंचं एकत्र बिल लावतं. म्हणून स्टेटमेंटातली रक्कम कुठल्याच एका किमतीशी जुळत नाही.

मधल्या गेटवेचं नावही असंच फसवतं. रेझरपे, पेयू, बिलडेस्क, कॅशफ्री, सीसीॲव्हेन्यू ही नावं दिसली तर तो फक्त पैसे पोचवणारा हमाल आहे. माल दुसऱ्याचा.

आणि कंपन्यांची कागदावरची नावं! इन्फो एज दिसलं तर ते नोकरी डॉट कॉम असू शकतं, ९९ एकर्स असू शकतं, नाहीतर जीवनसाथी. म्हणजे मुलगा नोकरी शोधतोय, घर शोधतोय की बायको, ते त्यालाच विचारा. पीपल इंटरॲक्टिव्ह म्हणजे शादी डॉट कॉम. जुन्या स्टेटमेंटात बंडल टेक्नॉलॉजीज दिसलं तर ते स्विगी, किरानाकार्ट म्हणजे झेप्टो, नोवी डिजिटल म्हणजे हॉटस्टार. ट्रू सॉफ्टवेअर स्कँडिनेव्हिया असं भारदस्त नाव असेल तर स्वीडनमध्ये तुमचं खातं लुटलं जात नाहीये, ते ट्रूकॉलर आहे. यादीत नसलेलं नाव असेल तर ईमेलमध्ये रक्कम टाकून पावती शोधा. पावतीवर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो, तो जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये टाकला की कंपनीचं कागदावरचं नाव आणि व्यवहाराचं नाव दोन्ही दिसतात.

परदेशी सेवेची खूण वेगळी : रक्कम दर महिन्याला थोडी बदलते आणि तिच्या मागोमाग दोन चिल्लर ओळी येतात. समजा सेवा १० डॉलरची आणि दर ८८ रुपये. ८८० गेले. मग ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहाराचं शुल्क, ३०.८०. मग त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, ५.५४. त्या दोन ओळी दोन दिवसांनी आल्या तर कोणाला कळणार की त्या ८८० च्याच पोटातल्या आहेत? परदेशी व्यापारी ओटीपी न मागताही कार्डावरून पैसे घेऊ शकतो, म्हणून परदेशी वापर नसेल तर कार्डाच्या सेटिंगमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवा. ती कळ सगळ्या कार्डांना आहे.

खात्यात काहीच सापडलं नाही पण मोबाइलचा बॅलन्सच झिजतोय, असंही असतं. १५५२२३ वर इंग्रजीत ‘स्टॉप’ लिहून एसएमएस करा, चालू असलेल्या सेवा कळतात आणि बंद होतात.

विसरलेलं वेगळं, लुटलेलं वेगळं

सगळं शोधूनही मंजुरी तुम्ही दिलीच नव्हती असं निघालं, तर मग वेळ घालवू नका. तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला लेखी कळवलं तर, चूक तुमची नसताना बाहेरच्या कोणी केलेल्या व्यवहाराचा भार तुमच्यावर येत नाही. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तसं सांगितलं होतं. सोबत सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

पण पिन तुम्हीच टाकलाय आणि विसरलाय, तर त्याला फसवणूक म्हणून बँकेत जाऊ नका. बँक मंजुरीची नोंद पुढे ठेवते आणि विषय संपतो. ते भांडण ॲपवाल्याशी आहे. खरेदी गूगल प्लेवरची असेल तर ४८ तासांच्या आत तिथेच परतावा मागा. ॲपवाला दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ‘डार्क पॅटर्न’बद्दलच्या, म्हणजे ॲप आणि संकेतस्थळांवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांबद्दलच्या, नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार दिलेत, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा नावानिशी आहे : चालू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं. तक्रारीत हा शब्द वापरा, त्यांना कळतो.

आणि ॲपचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधून फोन करू नका. अण्णा ते करायच्या बेतात होते. वर दिसणारा नंबर भामट्याचाही असू शकतो. तो ‘परतावा देतो’ म्हणून तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं ॲप टाकायला लावतो, आणि १९९ च्या जागी खातं जातं.

रद्द करताना क्रम असा ठेवा : आधी सेवेच्या खात्यात जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा आणि त्याची ईमेल येऊ द्या, मग मॅन्डेट काढा. उलटं केलं तर काही जण ‘थकबाकी’चे मेसेज पाठवत बसतात. अण्णांनी ॲपच काढून टाकलेलं, लॉगिन भाच्याच्या नंबरवर. त्याला पुण्याहून ओटीपी सांगायला लावला. बिचारा शाळेच्या रिक्षात होता.

पुढच्या महिन्यात ११ तारखेची ओळ आली नाही. अण्णांनी पासबुकाचा फोटो तरीही पाठवला, या वेळी गोल मे महिन्यातल्या २० रुपयांवर होता. म्हटलं अण्णा, तो सुरक्षा विमा, राहू द्या. तर दुसरा फोटो आला, जिल्हा बँकेच्या पासबुकाचा. तिथेही २०. दोन्ही खात्यांतून दर वर्षी कापले जात होते, आणि या योजनेत माणसाला संरक्षण एकाच खात्यावर मिळतं, दोन लाखांचं. दुसरे २० रुपये फुकट.

जिल्हा बँकेत ऑनलाइन काही नाही. अण्णांनी फुलस्केपवर अर्ज लिहिला, ‘विषय : विमा हप्ता बंद करणेबाबत’, दोन प्रती, आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. ती पोच त्यांनी पासबुकाच्या कव्हरात घालून ठेवली आहे.